आजारोत्तर व्यायाम व हौशी खेळांतील इजा

दीर्घ आजारातून उठलेल्या व्यक्तीने शक्ती परत मिळविण्यासाठी क्रमाक्रमाने करावयाच्या शारीरिक श्रमांस आजारोत्तर व्यायाम म्हणतात. आवड, आरोग्य वा करमणूक यांसाठी खेळणाऱ्यांना खेळात किंवा सरावात होणाऱ्या दुखापतींचा हौशी खेळांतील इजा या संज्ञेत समावेश होतो. वरवर वेगळे दिसणारे हे दोन विषय व्यवहारात एकत्र येतात. काही आठवडे अंथरुणावर काढलेला माणूस पूर्वीच्याच जोमाने मैदानावर उतरला, की त्याला इजा होण्याचा संभव वाढतो. तसेच इजेमुळे सक्तीची विश्रांती घ्यावी लागलेल्या खेळाडूच्या शरीरात आजाऱ्यासारखेच बदल घडून येतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काळाचे अंतर असते. ते ओळखून श्रमाची मात्रा ठरविणे, हा दोन्ही विषयांचा गाभा होय.

कोल्हापूर शहर हे या विषयाचे सोयीचे उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या (कार. १८९४–१९२२) आश्रयामुळे तेथे मल्लविद्या रुजली. महाराजांनी १९०२ मध्ये यूरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले. त्या धर्तीवर बांधविलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम इ. तालमींतून मल्लांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या. पुढे पेठापेठांतील तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा इ. तालमींच्या संघांचे शाहू स्टेडियमवरील सामने पाहण्यास मोठी गर्दी लोटते. शिवाय रंकाळा तलावाच्या काठी सकाळी चालणारे व धावणारे सर्व वयांचे नागरिक आहेतच. यांतील बहुसंख्य लोक नोकरी, शेती किंवा व्यापार सांभाळून खेळतात. व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला असणारे वैद्य व प्रशिक्षक त्यांच्यापाशी नसतात. त्यामुळे आजारानंतर केव्हा व किती व्यायाम करावा, हा निर्णय बहुधा त्यांना स्वतःच घ्यावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : व्यायामाला मर्यादा असावी, हा विचार आयुर्वेदात स्पष्टपणे आढळतो. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा, असे वाग्भटाचे मत आहे. ज्वर गेल्यानंतरही शरीरात पुरेसे बळ येईपर्यंत व्यायाम व फार हिंडणेफिरणे टाळावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. ताप उतरणे व बळ येणे या दोन वेगळ्या घटना होत, हे त्यात गृहीत आहे.

यूरोपीय वैद्यकात एकोणिसाव्या शतकात विश्रांतीला मोठे महत्त्व आले. क्षयरोग्यांना महिनोन्‌महिने निजवून ठेवीत. इंग्लंडमधील फ्रिम्ली येथील आरोग्यधामात मार्कस पॅटर्सन यांनी १९०५ पासून निवडक क्षयरोग्यांना आधी चालणे, मग हलकी ओझी उचलणे व शेवटी खोदकाम अशी चढत्या श्रमांची कामे दिली. दक्षिण महाराष्ट्रातील क्षयरोग्यांना मिरजेजवळच्या वानलेसवाडी येथील आरोग्यधामाचा आधार असे. प्रभावी औषधे मिळू लागल्यावर मद्रास येथे झालेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी राहून औषधे घेणाऱ्या रुग्णांना विश्रांती व सकस आहार कमी मिळूनही ते आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले, असे त्यात दिसून आले. हृद्‌रोगाच्या बाबतीतही असाच बदल झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला काही आठवडे पूर्णपणे निजवून ठेवण्याचा प्रघात होता. सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला.

विश्रांतीचे शरीरावरील परिणाम : अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. त्या अवधीत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी असल्याचे दिसले.

अंथरुणावर पडून राहिल्यास पहिल्या काही दिवसांतच रक्ताचे एकूण आकारमान घटते. त्यामुळे उभे राहताच चक्कर येते व थोड्या श्रमाने नाडी जलद होते. नंतर स्नायू रोडावतात. मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंवर हा परिणाम विशेष दिसतो. हाडांतील कॅल्शियम सावकाश कमी होते. व्यायाम सुरू केल्यावर भरपाई मात्र सर्व ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) सारख्या वेगाने होत नाही. रक्ताचे आकारमान व श्वासाची क्षमता काही आठवड्यांत सुधारते. स्नायूंच्या बळाला त्याहून अधिक वेळ लागतो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) व हाडे यांना कित्येक महिने लागतात. दम लागेनासा झाला म्हणजे माणसाला आपण पूर्ववत झालो असे वाटते, परंतु त्या वेळी कंडरा व अस्थिबंध मागेच असतात. आजारोत्तर इजांचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

निरनिराळ्या आजारांनंतरचा व्यायाम : अंगात ताप असताना व्यायाम वर्ज्य आहे. तापामुळे हृदयाचे काम आधीच वाढलेले असते. काही संसर्गांत हृद्‌स्नायुशोथ (हृदयाच्या स्नायूची दाहयुक्त सूज) होतो व अशा वेळी जोराच्या श्रमाने हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. हा विकार निश्चित झाल्यास सामान्यतः तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवतात व तपासण्यांनंतरच परवानगी देतात.

डेंग्यूमध्ये ताप उतरू लागण्याचा काळच सर्वांत जोखमीचा असतो. रक्तातील बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणारे घटक) याच सुमारास घटतात. ताप गेला म्हणून मल्ल हौद्यात उतरल्यास साध्या आपटण्यानेही अंतर्गत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. चिकुनगुन्यानंतर सांधेदुखी आठवडे किंवा महिने टिकते. त्या काळात उड्या व जोरबैठकांऐवजी सांध्यांवर भार न टाकणारे व्यायाम योग्य ठरतात. विषमज्वरात आतड्याला झालेले व्रण भरून येण्यास वेळ लागत असल्याने घाई टाळावी लागते. काविळीत शक्ती येण्याचा वेग व रक्ततपासणी पाहून व्यायाम वाढवितात.

कोविड–१९ च्या साथीत (२०२०–२२) तालमी व मैदाने दीर्घकाळ बंद राहिली, त्यामुळे आजारी न पडलेल्यांचाही सराव तुटला. या आजारानंतर किमान सात दिवस कोणतेही लक्षण नसावे व पहिले दोन आठवडे अगदी हलके श्रम करावेत, असा सल्ला ब्रिटिश तज्ञांनी २०२१ मध्ये दिला. छातीत दुखणे, धडधड, भोवळ किंवा श्रमाच्या मानाने जास्त दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून वैद्याकडून तपासून घेणे अगत्याचे असते.

काही रुग्णांचा थकवा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यांतील काहींना थोड्याशा श्रमानंतर, बहुधा त्याच दिवशी न होता एक-दोन दिवसांनी, अतिशय ग्लानी, अंगदुखी व बौद्धिक मांद्य येते व ते कित्येक दिवस टिकते. अशा रुग्णांना ठराविक वेळापत्रकाने श्रम वाढवीत नेल्यास अपाय होऊ शकतो. दीर्घ थकव्याच्या विकाराच्या उपचारांतून अशा वाढत्या व्यायामाची शिफारस ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये काढून टाकली. या रुग्णांनी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून श्रम व विश्रांती आलटूनपालटून घ्यावी, असे आता मानतात. त्यांना आळशी ठरविणे वैद्यकीय दृष्ट्या चूक आहे.

श्रमाची मात्रा : इतर रुग्णांच्या बाबतीत पुढील क्रम उपयुक्त ठरतो : (१) घरातील हालचाल व सपाटीवरील संथ चालणे, (२) बोलता बोलता करता येईल इतपत जलद चालणे, (३) स्नायूंचे हलके व्यायाम, उदा., मोजक्या बैठका किंवा संथ सूर्यनमस्कार; (४) दमसास वाढविणारे धावणे व खेळातील कौशल्यांचा एकट्याने सराव; (५) जोडीदाराबरोबर सराव; (६) लढत किंवा सामना. पुढची पायरी गाठताना त्या दिवशीच्या उत्साहापेक्षा दुसऱ्या दिवशीची स्थिती पाहावी. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप अपुरी, अंग जड किंवा दुखणे वाढलेले असल्यास एक पायरी मागे यावे. जोर व बैठका मोजून करण्याची तालमीतील पद्धत मात्रा ठरविण्यास सोयीची आहे. मात्र आजारापूर्वीचा आकडा गाठण्याची ईर्ष्या धरू नये.

हौशी खेळांतील इजा : या इजांचे आकस्मिक व अतिश्रमजन्य असे दोन प्रकार आहेत. मुरगळणे, सांधा निखळणे, अस्थिभंग इ. पहिल्या प्रकारात येतात. एकाच भागावर वारंवार ताण पडून झालेली कंडरेची वेदना व हाडाला पडलेली बारीक भेग ही दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे होत.

कुस्तीत गुडघा, खांदा, मान व कान यांना विशेष इजा होतात. कान घासला जाऊन कूर्चा व तिचे आवरण यांमध्ये रक्त साचते. ते काही दिवसांतच काढून दाबपट्टी न बांधल्यास कान कायमचा चेपलेला व जाडसर होतो. जुन्या मल्लांची ओळख मानले गेलेले हे लक्षण वस्तुतः उपचार न झालेली इजा आहे. मानेला मार लागून हातापायांत मुंग्या किंवा दुर्बलता आल्यास मल्लाला न हलविता मान स्थिर ठेवून मदत बोलवावी. निकट अंगसंगामुळे गजकर्णासारखे त्वचारोग पसरतात. हळद, ताक, तेल इ. मिसळलेली हौद्यातील मातीही त्यांपासून पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. गुडघ्याची इजा खेळाडूच्या आयुष्याला कशी कलाटणी देते, याचे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव (१९२६–८४). कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याने १९५२ च्या हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. १९५६ च्या ऑलिंपिकला मात्र गुडघ्याच्या इजेमुळे त्यांना मुकावे लागले.

फुटबॉलमध्ये घोटा मुरगळणे, मांडीच्या मागील स्नायू फाटणे व गुडघ्यातील पुढचा स्वस्तिक बंध तुटणे या इजा नेहमी आढळतात. हा बंध बहुधा धक्का न लागताच, धावता धावता एकदम वळताना तुटतो. ‘कट्’ असा आवाज व काही तासांत आलेली सूज ही त्याची खूण होय. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. डोक्याला हादरा बसून गोंधळ, विस्मरण, डोकेदुखी वा मळमळ झाल्यास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. बेशुद्धी आलीच पाहिजे असे नाही. धावणाऱ्यांमध्ये टाच, नडगी व गुडघा यांच्या अतिश्रमजन्य इजा अधिक होतात व त्या बहुधा अंतर किंवा वेग एकाएकी वाढविल्याने उद्‌भवतात.

प्रथमोपचार व पुनर्वसन : विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व इजा झालेला भाग उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. दीर्घकाळ बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे सांगून २०१४ मध्ये त्यांनीच तीत दुरुस्ती केली. बर्फ वेदना कमी करण्यापुरता थोडा वेळ लावावा, दोन-तीन दिवस भाग जपावा व नंतर वेदनेच्या मर्यादेत हालचाल सुरू करावी, असा आजचा प्रघात आहे. ताज्या इजेवर जोराने मालीश केल्यास रक्तस्राव वाढतो. निखळलेला सांधा अनुभवी दिसणाऱ्या माणसाकडूनही क्ष-किरण तपासणीपूर्वी ओढून बसवून घेऊ नये, कारण सोबत अस्थिभंग असण्याचा संभव असतो. बांबूच्या कामट्या फार आवळून बांधल्यास रक्तप्रवाह थांबून अवयव गमवावा लागू शकतो. घोट्याच्या हाडाच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढणे आवश्यक असते.

प्रतिबंध : पुन्हा इजा होण्यास पूर्वीची अपुरी भरलेली इजा सर्वांत जास्त कारणीभूत असते. म्हणून वेदना थांबणे हा पुनरागमनाचा पुरेसा निकष नाही. दोन्ही बाजूंचे बळ जवळजवळ सारखे असणे, सांध्याची हालचाल पूर्ण असणे व खेळातील अवघड हालचाली न कचरता करता येणे, या कसोट्या लावतात. एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागील स्नायूंचे व्यायाम व उडीनंतर गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणे यांचा समावेश असलेली पूर्वतयारी आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने केल्यास फुटबॉलमधील इजा सुमारे एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटतात, असे अनेक देशांतील पाहण्यांतून आढळले आहे. तिला वीस मिनिटे व मोकळी जागा याखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, उन्हाच्या भरात सामने खेळविणे व वेदनाशामक गोळी घेऊन इजा झाकून खेळणे हे प्रकार हौशी खेळातही दिसतात. त्यांना आवर घालण्याची जबाबदारी खेळाडूइतकीच वस्ताद, संघचालक व स्पर्धांचे आयोजक यांच्यावरही असते.