ऑफसाइड: चेंडू पोचल्यावर नव्हे, सुटताना बघा

गोवा असो, बेळगाव असो की कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, बचावफळीच्या मागे एकटाच खेळाडू चेंडू घेऊन सुटला की प्रेक्षकांतून ओरडा होतो, ‘ढळढळीत ऑफसाइड!’ झेंडा वर गेला नाही तर शिव्या लाइन्समनला. बऱ्याचदा बिचाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. लोक खेळाडूला बघतात तो चेंडू पायात आल्यावर. नियम विचारतो, साथीदाराने पास दिला त्या क्षणी तो कुठे होता? मधल्या दोन सेकंदांत चपळ खेळाडू दहा-पंधरा मीटर सहज कापतो.

पास सुटताना खेळाडूचं डोकं, धड किंवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल आणि चेंडूपेक्षा व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागेत. शेवटचा सहसा गोलकीपर असतो, म्हणून नजर शेवटच्या बचावपटूवर ठेवायची. पण कीपर पुढे आलेला असला तर हिशेब बदलतो, तिथे भलेभले फसतात. दोघे एका रेषेत असतील तर ऑफसाइड नाही. हात धरत नाहीत. १९२५ पर्यंत दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी लागत. तो आकडा कमी केल्यावर इंग्लंडमध्ये गोल भराभर वाढले.

आता दुसरी गफलत. नुसतं त्या जागेत उभं राहणं हा गुन्हा नाही. चेंडूला स्पर्श केला, कीपरच्या नजरेआड आला, बचावपटूला अडवलं किंवा खांबाला लागून परतलेला चेंडू मारला, तरच शिट्टी वाजते. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतोच.

बचाव करणारे हाच नियम हत्यार म्हणून वापरतात. कतारमध्ये २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध बचावफळी मुद्दाम खूप पुढे ठेवली. अर्जेंटिनाचे तीन गोल मध्यंतराआधीच ऑफसाइडमुळे रद्द झाले, आणि पेनल्टीवर मेस्सीने आघाडी दिलेली असूनही सामना सौदीने २-१ असा मारला. खेळी जोखमीची होती. एक जण जरी मागे रेंगाळला असता तरी सगळा सापळा फुकट.

तिथे निर्णयाला कॅमेरे होते, चेंडूत सेन्सर होता. गावच्या स्पर्धेत लाइन्समनकडे फक्त डोळे. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत तो सतत पळत असतो, आणि त्याच वेळी तीस-चाळीस मीटरवरच्या पास देणाऱ्याचा पायही त्याला बघायचा असतो. म्हणून तो त्या रेषेत आहे का, हे आधी बघावं. असेल, तर गॅलरीतून तिरकं बघणाऱ्यापेक्षा त्यालाच नीट दिसलेलं असतं.