फौजेच्या कुळातली शिकारी रायफल

'थ्री नॉट थ्री' पोलिसाची आणि 'थ्री फिफ्टीन' परवानेवाल्याची, एवढे बीडकडे, नारायणगडाच्या पट्ट्यातही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दोघी एकाच कुळातल्या आहेत, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही.

बोल्टची मूळ रचना जेम्स पॅरिस ली याची. तिच्यावर इंग्रजांनी १८९५ मध्ये ली-एनफिल्ड, म्हणजे हीच 'थ्री नॉट थ्री', उभी केली आणि पाठोपाठ घोडदळासाठी आखूड कार्बाइन काढली. खोगिराच्या म्यानातून उपसताना अडकू नये म्हणून तिच्या बोल्टची मूठ चपटी करून खाली वळवली होती. बीएसए कंपनीच्या शिकारी 'ली-स्पीड'वर ही चपटी मूठ तशीच उतरली. संगिनीची सोय गेली, पुढचे लाकूड अर्ध्यावर आले, मॅगझिन पाच गोळ्यांचे झाले. चाल तीच राहिली. बोल्ट मागे सहज येतो. पुढे लोटताना शेवटच्या टप्प्यात हाताला जोर लागतो, कारण स्प्रिंग तिथे दाबली जाते.

हिंदुस्थानात घोडे अडले ते काडतुसापाशी. ३०३ हे फौजेचे काडतूस. तेच खासगी बंदुकीत चालू दिले, तर छावणीतून चोरलेला माल कुठेही वाजायचा. सरकारने ३०३ खासगी हातांना बंद केली. १९०७ च्या सुमारास ४५० वरही गदा आली, तेव्हा विलायती बंदूकवाल्यांनी ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. ली-एनफिल्डच्या मदतीला ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचे आठ मिलिमीटरचे काडतूस धावले. बुडाला कडा असल्याने ते ली-यंत्रणेला मानवले, आणि ३१५ तयार झाली. तिचे माप जनावर पाहून नव्हे, रयतेवरच्या संशयातून ठरले!

स्वातंत्र्यानंतरही हे माप टिकले. रायफल बंगालमधल्या ईशापूरची, काडतूस आपल्या खडकीचे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे दिसतात. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळजवळ संपवली. म्हणजे रायफलचे नाव 'स्पोर्टिंग', पण खेळ कुठला? आज ती स्वसंरक्षणाच्या नावाखाली घेतली जाते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा खांद्यावर मिरवण्यासाठीच. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची छाननी झाली, त्यामागे हेच दुखणे होते.

जुन्या ली-स्पीडचे मोल वेगळे. ती संग्राहकाची वस्तू. पण आजोबांच्या माळ्यावर अशी रायफल सापडली, तर 'जुनीच तर आहे' म्हणून गप्प बसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला आहे, तीही दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तरच. मूळ परवानाधारक वारला असेल, तर आधी रायफल पोलीस ठाण्यात जमा करा आणि मग वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करा.