डोंगल घेताना राउटरची कंपनी विचारू नका

माझ्या भाचीने जुन्या डेस्कटॉपसाठी वायफायचा डोंगल आणला. कागदोपत्री त्याला वायरलेस ॲडाप्टर म्हणतात. परीक्षेचा फॉर्म भरण्याची ती शेवटची तारीख. डोंगलचा दिवा लागला, पडद्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची नावे आली, पण आमच्या राउटरचे नाव काही दिसेना. दुकानदार फोनवर म्हणाला, “तुमचा राउटर दुसऱ्या कंपनीचा असेल.” फॉर्म अखेर रात्री साडेअकराला मोबाईलच्या इवल्या पडद्यावर भरला. मी पेशाने कवी. पण दुकानदाराचे ते वाक्य मनात खुपत राहिले, म्हणून खोलात शिरलो.

कंपनीचा इथे काही संबंध नसतो. वायफायची भाषा आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवून दिली आहे. तिचा क्रमांक ८०२.११. त्यापुढे अक्षर येते: २००३ मध्ये ‘जी’, २००९ मध्ये ‘एन’, २०१३ मध्ये ‘एसी’, २०२१ मध्ये ‘एएक्स’. शेवटच्या तिघांना खोक्यावर वायफाय ४, ५ आणि ६ असेही लिहितात. माझी आजी दखनी बोले, शेजारच्या काकू मराठी. दोघींना जेवढे समजे तेवढ्यात गप्पा रंगत. नवा राउटरही जुन्या डोंगलशी त्याला झेपेल त्याच बोलीत बोलतो. वेग कमी मिळतो, पण बोलणे होते.

अडते ते लहरींच्या पट्ट्यावर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी पार जातो, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारा. ‘एन’चे स्वस्त डोंगल बहुधा फक्त २.४ वर चालतात, आणि आमच्या राउटरवर जोडणी करणाऱ्याने फक्त ५ चा पट्टा चालू ठेवला होता! राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ सुरू करताच नाव झळकले. नवा डोंगल घेणारच असाल तर ‘ड्युअल बँड’ पाहून घ्या. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. ‘एसी ६००’ म्हणजे एका पट्ट्यावरचे ४३३ आणि दुसऱ्यावरचे १५० मेगाबिट यांची बेरीज, तीही वर ओढून केलेली. डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो.

नाव दिसते, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडले जात नाही, असे झाले तर सुरक्षेची पद्धत तपासा. डब्ल्यूपीए-२ ही २००४ ची, डब्ल्यूपीए-३ ही २०१८ ची. राउटर केवळ तिसरीवर ठेवला असेल तर जुना डोंगल बाहेरच राहतो. दोन्ही चालतील अशी मिश्र सेटिंग बहुतेक नव्या राउटरमध्ये असते. जुन्या डोंगलच्या मायेपोटी डब्ल्यूईपीवर मात्र जाऊ नये. ते कुलूप काही मिनिटांत उघडते.

अमेरिकेहून नातलगांनी आणलेल्या डोंगलचा आणखी एक हट्ट असतो. तिथे २.४ च्या पट्ट्यात साधारणपणे ११ चॅनेल वापरतात, आपल्याकडे १३. राउटर बाराव्या किंवा तेराव्यावर असेल तर त्या डोंगलला तो दिसत नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ करावा.

उरला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डोंगल ओळखायला शिकवणारी आज्ञावली. खोक्यावर आपल्या विंडोजचे किंवा लिनक्सचे नाव आहे का, हे पैसे देण्याआधी वाचावे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप निराळी असू शकते, म्हणून आवृत्तीचा आकडाही पाहावा. सोबत येणारी छोटी सीडी घालायला आता खाचच नसते. अशा वेळी मोबाईल केबलने संगणकाला जोडून त्याचेच इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा.

भाचीचा डोंगल आता कॅबिनेटच्या मागे नाही. पत्र्याच्या आडोशाला लहरी अडत होत्या. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर आणला आहे.