मनाची जबानी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेथील वाचकांना मन हे सर्व व्यवहारांचे केंद्र आहे हा बुद्धाचा सिद्धांत नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु सिद्धांत मान्य असणे निराळे आणि आपलेच मन खोटी जबानी देत असताना त्याच क्षणी ते ओळखणे निराळे.

सिव्हिल लाइन्समधील एखाद्या कचेरीतला कारकून कल्पावा. सकाळी याने नमस्कार केला आणि साहेब मान वर न करता निघून गेले, घटना एवढीच. तथापि दुपारपर्यंत साहेबांची नाराजी त्याने त्यांच्या अंतःकरणात शिरून जणू वाचलेली असते, सायंकाळी गडचिरोलीच्या बदलीचा हुकूम त्याला डोळ्यांपुढे दिसू लागतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर, वीस वर्षांची बिनतक्रार नोकरी हिशेबातून वगळून, 'मी कधीच कोणाच्या कामाचा नव्हतो' असा फैसला तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. परचित्ताचे अनुमान, अनिष्टाचे भाकीत, अनुकूल गोष्टींची वजाबाकी आणि एका प्रसंगावरून अवघ्या आयुष्याचा निवाडा, हे सारे एका दिवसात घडले आणि पुरावा मात्र कशालाच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

या दोषांची शास्त्रीय नोंद फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. खिन्नतेच्या मुळाशी स्वतःवर उलटलेला क्रोध असतो, या मनोविश्लेषणातील मताची खातरजमा करण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली, तो तेथे क्रोधाऐवजी हानी आणि अपयश हेच विषय पुनःपुन्हा आढळले; आपल्या मतास प्रतिकूल पुरावा मान्य करण्याचा हा त्यांचा प्रामाणिकपणा मला विचारांतील दोष तपासण्याच्या त्यांच्या उपचारपद्धतीइतकाच मोलाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची याच जातकुळीची पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने रुजविली. कृती साधी आहे: कागदाच्या एका बाजूस प्रत्यक्ष जे पाहिले वा ऐकले तेवढेच लिहावे, दुसऱ्या बाजूस त्यावर मनाने रचलेले लिहावे, आणि त्या रचनेस आधार कोणता, हे स्वतःस विचारावे.

मात्र प्रत्येक दुःखास विचारदोष म्हणणे हा घोर अन्याय होय. विदर्भातील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्याची नापिकी आणि सावकाराचे देणे ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्यावरील उपाय सरकारदरबारी व बाजारातच शोधले पाहिजेत. पण 'देणे फिटत नाही' येथून 'मी नसलो तर घराचा भार हलका होईल' येथवर मन जेव्हा पोहोचते, तेव्हा पहिले वाक्य खरे असल्यामुळेच दुसरेही खरे वाटू लागते, आणि तेच प्राणघातक असते. असे बोल कोणाच्या तोंडून निघाले, तर कागद-लेखणीवर विसंबून न राहता त्या माणसास एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मराठीतूनही बोलता येते आणि त्यास मोल पडत नाही.