सहा शिलिंगांचा खेळ

‘क्लब’ हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा टेनिसचें अंगण, वेताच्या खुर्च्या, पत्त्यांचें टेबल आणि दाराशीं उभा असलेला पट्टेवाला एवढेंच चित्र येतें. हें चित्र साहेबानें येथें आणलें, आणि तो निघून गेल्यावरहि तें मागें राहिलें. परंतु ज्या इंग्लंडांतून तो आला त्याच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत, क्लब या शब्दाचा अर्थ अगदींच निराळा आहे. तेथें क्लब म्हणजे खाणीच्या किंवा गिरणीच्या आसऱ्यानें वाढलेल्या वस्तीचें एक ओलसर मैदान, त्याच्या कडेची एक साधी इमारत, आणि आपला बाप व आजा जेथें उभे राहत असत तेथेंच येऊन उभीं राहणारीं माणसें. या क्लबांचा खेळ ‘रग्बी लीग’ या नांवानें ओळखला जातो. तो जन्मला कसा आणि त्याचे गांवोगांवचे संघ कशाच्या बळावर टिकले, हें सांगण्याजोगें आहे. कारण त्यांत खेळापेक्षां संसाराचा भाग मोठा आहे.

साहेबी क्लबाचें काय होतें याचा एक दाखला आपल्याच देशांत घडला. १८७३ सालीं कलकत्त्यांतील इंग्रजांनीं रग्बी खेळण्यासाठीं क्लब काढला. सभासद लष्करांतले आणि व्यापारी पेढ्यांतले. आज येथें, तर उद्यां भलत्याच गांवीं. हवा या दांडग्या खेळास प्रतिकूल, आणि पोलोची मोहिनी अधिक. पांच वर्षांत मैदान ओस पडलें. तेव्हां शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून एक देखणा चषक घडविण्यांत आला; झाकणावर हत्ती आणि तिन्ही कानांच्या जागीं नाग. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड या ‘कलकत्ता कपा’साठीं झुंजत आले आहेत. चषक अमर झाला, क्लब मात्र मेला! पुढें त्याचें पुनरुज्जीवन झालें ही गोष्ट खरी. पण पहिल्या खेपेस त्याचें मूळ त्या मातींत धरलें नव्हतें, हें उघड आहे.

रग्बी म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. चेंडू लंबगोल असतो. तो हातांत धरून पळतां येतें, पण हातानें सोबत्याकडे टाकावयाचा तर मागच्या बाजूसच टाकला पाहिजे. आणि प्रतिपक्षानें पळणाऱ्यास अंगाशीं भिडून खालीं पाडावयाचें. आपल्या हुतूतूंत चढाईस गेलेल्या गड्याची जी गत, तीच येथें चेंडूवाल्याची. फक्त दम धरण्याचें बंधन त्यास नाहीं.

हा खेळ मूळचा श्रीमंतांच्या निवासी शाळांतला. १८७१ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेली ‘रग्बी फुटबॉल युनियन’ ही त्याची नियंत्रक संस्था. खेळण्याबद्दल कोणीं कोणास एक पैहि देऊं नये, असा तिचा कटाक्ष असे. ज्याच्या घरीं जमिनीचें उत्पन्न आहे त्यास हा नियम शोभून दिसतो. परंतु उत्तरेंत एव्हांना गिरणीकामगार, गोदीवाले आणि कोळशाच्या खाणींतले मजूर या खेळांत शिरले होते. त्यांस शनिवारींहि दुपारपर्यंत काम असे. परगांवीं सामना असला म्हणजे सकाळींच आगगाडी धरावी लागे, आणि तेवढी मजुरी बुडे. हातपाय मोडला तर पुढचे आठवडेहि बुडत. नवरा गांवाची अब्रू राखून लंगडत घरीं आलेला, आणि बायको सोमवारच्या बाजाराच्या विवंचनेंत, अशी ही स्थिति! यॉर्कशायरच्या प्रतिनिधींचें मागणें फारसें नव्हतें. बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबास करतां यावी, एवढेंच तें होतें. २० सप्टेंबर १८९३ रोजीं लंडनच्या सभेंत हा ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनीं फेटाळला गेला.

त्याच महिन्याच्या ७ तारखेस यॉर्कशायरमधील फेदरस्टन या गांवीं जें घडलें तें यापाशीं ठेवून पाहावें. कोळशाचे भाव उतरले म्हणून मालकांनीं मजुरींत शेंकडा २५ कपात मागितली होती आणि मजुरांनीं ती नाकारतांच खाणींचीं दारें बंद केलीं होतीं. फेदरस्टनच्या ॲक्टन हॉल खाणीपाशीं जमलेल्या जमावावर सैनिकांनीं गोळ्या झाडल्या. दोन माणसें प्राणास मुकलीं. लंडनच्या सभागृहांतील सज्जनांस सहा शिलिंग म्हणजे तत्त्वाचा प्रश्न वाटला असेल. ज्या वस्त्यांतून हे खेळाडू येत होते तेथें तो भाकरीचा प्रश्न होता.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनीं ‘नॉर्दर्न युनियन’ ही आपली निराळी संस्था उभी केली. (‘रग्बी फुटबॉल लीग’ हें नांव तिनें १९२२ सालीं घेतलें.) बुडालेल्या मजुरीबद्दल दिवसास जास्तींत जास्त सहा शिलिंग द्यावे असें ठरलें. १८९८ मध्यें उघडपणें पैसे घेऊन खेळण्यास परवानगी मिळाली. पण अट अशी कीं खेळाडूस दुसरा खरा उद्योग असला पाहिजे. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणें किंवा दारूच्या गुत्त्यांत वाढप्याचें काम करणें हा खरा उद्योग नव्हे, असेंहि या मंडळींनीं नियमांत लिहून ठेवलें! सुधारक झालीं तरी तीं व्हिक्टोरिया राणीच्या काळचींच माणसें.

आतां स्पर्धा चालविणें हा दुसरा प्रश्न. पहिल्या हंगामांत २२ क्लब होते, आणि प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोन वेळां खेळावयाचें, म्हणजे एकेका संघाच्या वांट्यास ४२ सामने. भिडण्या-आपटण्याच्या खेळांत हें ओझें किती, आणि सगळ्या परगण्यांतून प्रवासाचा खर्च किती, याचा अनुभव एका वर्षांतच आला. दुसऱ्याच हंगामास यॉर्कशायर आणि लँकेशायर अशा दोन वेगळ्या स्पर्धा करण्यांत आल्या. प्रत्येक आठवड्यास शेजारच्या गांवाशीं गांठ. आणि सर्वांस एकत्र आणण्यासाठीं एक बाद पद्धतीचा चषक. या ‘चॅलेंज कपा’चा पहिला अंतिम सामना १८९७ च्या एप्रिलांत लीड्स येथें झाला व बॅटली या लहानशा गिरणीगांवानें सेंट हेलेन्सचा १० विरुद्ध ३ असा पराभव केला. जवळच्यांशीं नित्याची चुरस आणि दूरच्यांशीं वर्षांतून एकदां सलामी, ही घडी इतकी नेमकी बसली कीं पुढें जेव्हां जेव्हां ती मोडली तेव्हां तेव्हां नुकसानच झालें, असें माझें मत आहे.

दाराशीं पैसे देऊन येणारा प्रेक्षक हा या क्लबांचा अन्नदाता. त्यास कंटाळा येऊं नये म्हणून खेळहि बदलला. बाहेर गेलेला चेंडू आंत फेंकण्यासाठीं रांगा लावून उभें राहण्याची पद्धति १८९७ मध्यें गेली. १९०६ सालीं पंधरांचे तेरा गडी झाले. मैदान मोकळें झालें, चेंडू दिसूं लागला. दोन गड्यांची मजुरी वांचली हें कोणा खजिनदाराच्या ध्यानांत आलें नसेल असें मात्र वाटत नाहीं. तरीहि सर्वांचें पोट भरलें नाहीं. पहिल्या हंगामाचा विजेता मॅनिंगहॅम. त्यास पैशाची अशी चणचण पडली कीं १९०३ सालीं त्यानें हा खेळच सोडला आणि साध्या फुटबॉलचा ‘ब्रॅडफर्ड सिटी’ हा क्लब होऊन बसला.

नव्या मुलखांत खेळ नेण्याचे प्रयत्न अनेकदां झाले. १९०८ च्या सुमारास दक्षिण वेल्सच्या खाणमुलखांत सहा क्लब निघाले. १९१२ पर्यंत त्यांतला एकहि उरला नाहीं. १९३३ सालीं विगनजवळचा एक क्लब उचलून लंडनला नेला, तो एका हंगामांतच परतला. १९३५ मध्यें लंडनांतच ॲक्टन व विल्सडन आणि स्ट्रेटम व मिचम असे दोन क्लब काढण्यांत आले. पहिला एक हंगाम टिकला, दुसरा दोन. अगदीं अलीकडे कॅनडांतील टोरँटो येथें एक संघ उभारला गेला. २०१७ सालीं तो खालच्या पायरीपासून खेळूं लागला, २०२० सालीं सर्वोच्च श्रेणींत पोंचला, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत महामारीच्या धक्क्यानें हंगाम सोडून बाहेर पडला. पैसा होता, प्रेक्षकहि आले होते; पण शेजारचें गांव नव्हतें, आणि आळींतून वर येणारीं मुलें नव्हतीं.

याच्या उलट फ्रान्सच्या दक्षिणेकडील पर्पिन्याँ या शहराचें उदाहरण घ्यावें. तेथें हा खेळ १९३४ मध्यें जाँ गालिया या खेळाडूच्या खटपटीनें रुजला. महायुद्धांत विशी येथील सरकारनें १९४१ च्या डिसेंबरांत ही संस्थाच बुडविली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर कित्येक वर्षें तर ‘रग्बी’ हा शब्दहि वापरण्याची तिला बंदी होती, म्हणून ‘तेरा जणांचा खेळ’ या नांवानें लोक तो खेळत राहिले. २००६ सालीं पर्पिन्याँचा संघ इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेंत घेतला गेला आणि टिकला. कारण त्याच्या मागें सत्तर वर्षांचे गांवठी क्लब उभे होते.

असे गांवठी क्लब खुद्द इंग्लंडांत मात्र एका काळीं मरणपंथास लागले होते. मुख्य संस्थेचें सारें लक्ष धंदेवाईक संघांकडे. १९७३ पर्यंत हौशी संघ दीडशेंच्या आसपास उरले, आणि मुलांचे तर तीसच्या घरांत. त्या वर्षीं हडर्सफील्ड येथेंच कांहीं कार्यकर्ते जमले आणि त्यांनीं हौशी क्लबांची स्वतंत्र संस्था काढली. ‘बार्ला’ या आद्याक्षरी नांवानें ती प्रसिद्ध आहे. मुख्य संस्थेनें आरंभीं तिला विरोध केला. पण लवकरच मान्यता द्यावी लागली. या लोकांनीं जाहिरातीपेक्षां जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धा नीट लावण्याकडे लक्ष दिलें, मुलांचे वयवार संघ उभे केले, आणि पाया पक्का झाल्यावर १९८६ सालीं निवडक दहा क्लबांची देशव्यापी श्रेणी सुरू केली. पुढें १९९७ मध्यें मध्य व दक्षिण इंग्लंडसाठीं एक उन्हाळी स्पर्धा निघाली, तींतहि धोरण हेंच: हंगाम लहान, अंतरें कमी, खर्च झेपेल इतकाच.

असा क्लब चालतो कसा, याचें वर्णन ऐकलें तर आपल्याकडील गणेशोत्सवाच्या मंडळांत राबलेल्या कोणासहि तें ओळखीचें वाटेल. एक चिटणीस असतो. खेळाडूंची नोंदणी, पंचांची विनंती आणि पुढच्या गांवाशीं पत्रव्यवहार हें त्याच्या गळ्यांत. एक खजिनदार असतो, तो सोडतीचीं तिकिटें खपवितो. सकाळीं उठून कोणी मैदानावर चुन्याच्या रेघा ओढतो. चिखलानें माखलेले सतरा-अठरा सदरे कोणाची तरी आई धुते, आणि चहाच्या किटलीपाशीं कोणाची तरी आजी उभी असते. यांतल्या कोणासहि वेतन नाहीं. हीं माणसें दोन हंगाम थकलीं तर संघ मोडतो. अशा रीतीनें जे क्लब गेले त्यांची वार्ता कोठेंच छापली जात नाहीं.

आतां पुन्हां फेदरस्टनकडे वळूं. गोळीबाराच्या त्या गांवांत १९०२ सालीं ‘फेदरस्टन रोव्हर्स’ हा क्लब निघाला आणि १९२१ मध्यें त्यास वरिष्ठ स्पर्धेंत प्रवेश मिळाला. वस्ती सुमारें पंधरा हजारांची. शनिवारीं खेळणारे गडी सोमवारीं खाणींत उतरत. या गांवानें १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीन वेळां चॅलेंज कप जिंकला. तिसऱ्या खेपेस समोर हल या मोठ्या बंदराचा संघ होता आणि फेदरस्टनचा निभाव लागेल असें कोणासच वाटत नव्हतें. शेवटच्या मिनिटांत स्टीव्ह क्विन यानें मारलेल्या दंड-लाथेनें १४ विरुद्ध १२ असा निकाल लागला. पुढें १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप फसला आणि १९८५ सालीं ॲक्टन हॉलची खाण बंद झाली. ज्या कोळशावर गांव उभें राहिलें तो गेला. गिरण्या गेल्यावर लालबाग-परळच्या कबड्डी मंडळांचें जें झालें, तेंच येथें झालें. रोजगार गेला, तरी मैदान राहिलें.

दहा वर्षांनीं त्यावरहि घाला आला. १९९५ च्या एप्रिलांत रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीशीं करार होऊन ‘सुपर लीग’ नांवाची नवी स्पर्धा जाहीर झाली. पैसा अमाप होता; अखेरचा आंकडा ८ कोटि ७० लाख पौंडांचा. पण संघ थोडे हवेत, म्हणून फेदरस्टन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड या तिघांचा मिळून ‘कॅल्डर’ नांवाचा एकच क्लब करावा, अशी योजना निघाली. नकाशावर पाहिलें तर तिन्ही गांवें सात-आठ मैलांच्या आंत. मुंबईच्या दोन उपनगरांइतकींहि दूर नाहींत. परंतु ज्या कॅसलफर्डला हरवावें म्हणून मुलगा लहानपणापासून दंड-बैठका काढतो, त्याच कॅसलफर्डसह एका नांवाखालीं खेळावयाचें? मैदानांवर निषेध झाले, आणि महिन्याच्या आंत ती योजना मागें घ्यावी लागली. क्लब वांचला. पण बारा संघांच्या त्या नव्या स्पर्धेंत फेदरस्टनला जागा मिळाली नाहीं. १९९६ पासून त्यास खालच्या श्रेणींत खेळावें लागलें. गांवकऱ्यांनीं ही किंमत समजून-उमजून मोजली. शहाणपणानें कीं हट्टानें, याबद्दल मतभेद होऊं शकेल. मी त्या गांवांत असतों तर बहुधा हट्टी लोकांतच उभा राहिलों असतों.

शेफील्डच्या बाबतींत असा एकीकरणाचा प्रयोग पुढें खरोखरच झाला. १९८४ मध्यें शून्यांतून उभा राहिलेला तेथील ‘ईगल्स’ संघ १९९८ सालीं बलाढ्य विगनला १७ विरुद्ध ८ असा हरवून चॅलेंज कप घेऊन गेला, आणि पुढच्याच वर्षअखेर पैशाअभावीं हडर्सफील्डमध्यें विलीन झाला. जोडनांवाचा संघ एका हंगामापुरताच राहिला. शेफील्डच्या लोकांनीं मात्र लगेच २००० सालीं खालच्या श्रेणींत दुसरा ‘ईगल्स’ संघ उभा केला.

२०१७ सालीं स्त्रियांसाठीं सुपर लीग सुरू झाली. पहिल्या वर्षीं संघ अवघे चार: ब्रॅडफर्ड, कॅसलफर्ड, फेदरस्टन रोव्हर्स आणि थॉर्नहिल ट्रोजन्स. यांतला चौथा कोणत्याहि धंदेवाईक संघाची शाखा नव्हता; ड्यूसबरीजवळच्या एका वस्तीचा तो हौशी क्लब होता.