इंग्लंडमधलं घर भाड्याने देताना अकरा महिन्यांची सवय विसरा

आयटी, नर्सिंग, संशोधन अशा वाटांनी आपल्या समाजातले तरुण इंग्लंडला गेले. त्यांतल्या काहींनी कर्ज काढून तिथे घरही घेतलं. पुढे आई-वडिलांसाठी, नोकरीसाठी किंवा चळवळीच्या ओढीने कुणी नागपूर-पुण्याला परततो. कष्टाने घेतलेलं घर विकवत नाही, मग ते भाड्याने द्यायचं ठरतं. मालक इथे, घर तिथे. अशा वेळी करार कसा असावा, हे आज समजून घेऊ.

आपल्याकडे करार म्हटलं की डोळ्यांसमोर येतं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. मुदत संपली की भाडेकरूने सामान उचलायचं. इंग्लंडमध्ये हे चालत नाही. ‘रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५’ नुसार १ मे २०२६ पासून तिथल्या सर्वसाधारण खासगी भाडेकराराला शेवटची तारीखच राहत नाही. आधीचे मुदतीचे करारही त्याच दिवसापासून बेमुदत ठरतात. कारण न सांगता घर रिकामं करायला लावणारी ‘सेक्शन २१’ ची नोटीस रद्द झाली. करारात ‘एक वर्षानंतर घर सोडावे’ असं लिहिलं आणि भाडेकरूने सही केली, तरी त्या ओळीला किंमत नाही. भाडेकरू मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो.

मग मालकाला घर परत हवं असेल तर? कायद्याने मान्य केलेलं कारण दाखवावं लागतं. स्वतः राहायला यायचं आहे किंवा घर विकायचं आहे, ही त्यांतली दोन कारणं. पण ती पहिल्या बारा महिन्यांत वापरता येत नाहीत आणि नोटीस चार महिन्यांची लागते. विकायचं कारण दाखवून घर रिकामं करून घेतलं आणि लगेच जास्त भाड्याने दुसऱ्याला दिलं, ही युक्तीही बंद झाली आहे, कारण त्यानंतर बारा महिने ते घर भाड्याने देण्यास मनाई आहे. तीन महिन्यांचं भाडं थकलं तर चार आठवड्यांच्या नोटिशीनंतर न्यायालयात जाता येतं. म्हणून ‘दोन वर्षांनी मी परत लंडनला जाणार’ असा बेत असेल, तर तारखेचा हिशोब या नोटिशी धरून करावा. कराराच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नये.

भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, तेही ठरलेल्या नमुन्यात दोन महिने आधी कळवून. भाडेकरूला वाढ अवास्तव वाटली तर तो ट्रिब्युनलकडे जातो. ‘दरवर्षी दहा टक्के वाढ’ हे आपल्या ओळखीचं कलम तिथे निरुपयोगी. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांत सुरक्षित करावं लागतं. नाहीतर डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत दंड बसू शकतो. मुंबईत लाखोंचं डिपॉझिट मालकाच्या खात्यात वर्षानुवर्षं पडून असतं, त्या तुलनेत हे आम्हाला अधिक न्याय्य वाटतं.

परदेशातल्या मालकासाठी दोन गोष्टी खास. पहिली पत्त्याची. १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टनुसार भाडेकरूला नोटीस पाठवण्यासाठी इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता द्यावाच लागतो. नुसता नागपूरचा पत्ता दिला, तर तो तिथला पत्ता मिळेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने भाडं देय होत नाही. एजंटचा किंवा विश्वासू मित्राचा पत्ता चालतो.

दुसरी कराची. मालक सहा महिने किंवा अधिक काळ देशाबाहेर राहत असेल, तर एजंटने भाड्यातून मूळ दराने कर कापायचा असतो. हा दर सध्या २० टक्के आहे. एजंट नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांहून जास्त असेल, तर ही जबाबदारी थेट भाडेकरूवर येते. तिथल्या कर खात्याकडे ‘एनआरएल १’ अर्ज करून मंजुरी मिळवली की पूर्ण भाडं हातात येतं, पण तिथलं रिटर्न भरणं सुटत नाही. तुम्ही भारतात पूर्णपणे रहिवासी ठरलात, तर हेच उत्पन्न इथेही दाखवायचं आणि घराची नोंद ‘शेड्युल एफए’ मध्ये करायची. तिथे भरलेल्या कराचं श्रेय इथे मागता येतं.

आता भाडेकरू कुणाला घ्यायचा? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर मिळालं नाही, आणि आजही आडनाव ऐकून फ्लॅट ‘आत्ताच गेला’ असं सांगितलं जातं. घर शोधताना हे ज्यांनी सोसलं, तेच आता मालक म्हणून निवड करणार आहेत. तिथला कायदा लहान मुलं असलेल्या किंवा सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या कुटुंबाला त्या कारणावरून नकार देऊ देत नाही. वंश-धर्मावरून भेदभाव करायला २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टने मनाई केली आहे. जातीचा स्पष्ट उल्लेख मात्र त्यात नाही. तो आणण्याची तरतूद २०१३ साली संसदेने केली होती, पण २०१८ साली सरकारने न्यायालयीन निकालांवरच विसंबून राहायचं ठरवलं. त्यामुळे ‘फक्त शाकाहारी भारतीय कुटुंब’ अशी अट एजंटने सुचवली, तर ती लेखी नाकारा.

आणखी एक. भाडेकरूला देशात घर भाड्याने घेण्याचा हक्क आहे का, हे राहायला येण्याआधी तपासणं मालकावर बंधनकारक आहे. ही तपासणी गोरा-काळा न बघता प्रत्येकाची करायची. इथे बसून ती जमणार नसेल, तर एजंटकडून ती जबाबदारी लेखी घ्या. घरावर कर्ज असेल, तर या सगळ्याच्या आधी बँकेची भाड्याने देण्याची परवानगी आणि मालकांसाठीचा वेगळा विमा. हे नियम इंग्लंडपुरते आहेत; घर स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये असेल, तर तिथले भाडेकरार वेगळ्या कायद्यांखाली होतात.