जालन्याचे ऊन आणि रोजचे सनस्क्रीन

जालना शहर उत्तर अक्षांश १९ अंश ५० कलांच्या आसपास वसलेले असल्यामुळे, वर्षातून दोन वेळा, म्हणजे मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात, मध्यान्हीचा सूर्य त्याच्या थेट माथ्यावर येतो. जुलैतील सूर्य बहुधा ढगांआड असतो, म्हणून त्याची कोणी दखल घेत नाही. मेमध्ये मात्र साडेबाराच्या सुमारास मोंढ्यात उभ्या असलेल्या हमालाची सावली त्याच्या पावलांपुरतीच उरते. अशा मुलखात सनस्क्रीन ही शहरी शौकिनांची चैन समजली जावी, हे मला अत्यंत अनुचित वाटते. कारण मोसंबीच्या बागेत राबणारा मजूर, दुचाकीवरून गावोगाव फिरणारी आशाताई, किंवा बदनापूरहून रोज छत्रपती संभाजीनगरला एस. टी.च्या खिडकीशी बसून जाणारा कारकून यांच्या त्वचेला त्याची जेवढी आवश्यकता आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की जिने आपल्याला घाम फुटतो ती उष्णता आणि ज्यांनी त्वचा बिघडते ते अतिनील किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी ज्ञानेंद्रियांना मुळीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अतिनील निर्देशांक ३ झाला की त्वचेचे संरक्षण करावे. आपल्याकडे डिसेंबरातील आल्हाददायक दुपारीही तो त्याहून वर असतो आणि उन्हाळ्यात ११ च्या पुढे जातो. या किरणांतील यू. व्ही. बी. हा वर्ग त्वचा भाजतो, यू. व्ही. ए. हा वर्ग अधिक खोल शिरतो, सुरकुत्या व काळे डाग निर्माण करतो आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बराचसा आरपार येतो. उपरोक्त कारकुनाचा खिडकीकडील गाल दुसऱ्या गालाहून काळवंडतो, त्याचे कारण हेच.

आपल्या सावळ्या वर्णात निसर्गाने रंगद्रव्याची जी तजवीज केली आहे, तिच्यामुळे गोऱ्या लोकांप्रमाणे आपली कातडी सहसा सोलून निघत नाही आणि त्वचेचा कर्करोगही आपल्यात तुलनेने विरळा आढळतो. परंतु तेच रंगद्रव्य उन्हाने चेतवले गेले म्हणजे गालांवर, कपाळावर आणि ओठांच्या वर वांग उठतात, आणि विशेषतः स्त्रियांना ते वर्षानुवर्षे सोसावे लागतात. वांगाला यू. व्ही. ए. इतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही कारणीभूत होतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन त्याला अडवू शकत नाही. ज्यात आयर्न ऑक्साइड आहे असे त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीनच तेथे उपयोगी पडते. म्हणून खरेदीच्या वेळी केवळ एस. पी. एफ.चा आकडा पाहून भागत नाही. तो आकडा मुख्यत्वे यू. व्ही. बी.विषयी बोलतो, ३० चे सनस्क्रीन त्यातील सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे सुमारे ९८ टक्के. यू. व्ही. ए.चा दाखला पी. ए. या अक्षरांपुढील अधिकचिन्हांत सापडतो, आणि तेथे निदान तीन चिन्हे असावीत.

मात्र या सर्व आकड्यांच्या मुळाशी एक अट आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तीतच आहे. प्रयोगशाळेत हे आकडे काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरवर २ मिलिग्रॅम इतका जाड थर दिलेला असतो. चेहरा आणि मान यांच्यासाठी याचा व्यवहारी हिशेब असा, की तर्जनी व मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. या मापाने ५० ग्रॅमची नळी रोज एकदा लावल्यास दीड-पावणेदोन महिन्यांत संपावयास हवी. ज्या घरात ती सहा महिने पुरते, त्या घरात आवश्यकतेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच ती लावली जाते, आणि नळीवरील ५० हा आकडा प्रत्यक्षात फार खाली उतरलेला असतो. हलकेपणाचे महत्त्व येथेच आहे. चिकट, तेलकट किंवा चेहरा पांढराफटक करणारे द्रव्य जालन्याच्या उकाड्यात दोन बोटे भरून कोणी लावणार नाही. जे द्रव्य सहन होते तेच पुरेसे लावले जाते, आणि पुरेसे लावले तरच ते काम करते.

ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या दीर्घ प्रयोगात, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या मानाने २४ टक्के कमी आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते लोक गौरवर्णी होते हे खरे. तथापि त्यांनी वापरलेले सनस्क्रीन १५-१६ एस. पी. एफ.चे, अगदी साधे होते, हे विसरता कामा नये.

तेलकट त्वचेला व मुरुमांच्या तरुण वयाला पाण्यासारखे पातळ किंवा जेलचे सनस्क्रीन मानवते; कोरड्या त्वचेला लोशन. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन नाजूक त्वचेला सोसते, पण सावळ्या वर्णावर त्याची राखेसारखी झाक उमटते, तेव्हा ते रंगयुक्तच घ्यावे. घामाचे काम असणाऱ्याने पाण्याला टिकणारे निवडावे. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ते लावावे आणि उन्हात असेतो दर दोन तासांनी पुन्हा.

अंगाचा प्रश्न निराळा आहे. सर्वांगाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर सनस्क्रीन लागते, आणि तो खर्च रोजच्या रोज सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही. तेव्हा तेथे कापडच कामी येते. संकरित कापसाच्या बीजोत्पादनाच्या शेतांत बाया साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा सदरा घालतात, डोक्याला व तोंडाला रुमाल बांधतात. दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर नखाने अलगद काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नरफुलाचा पराग तिच्यावर चोळतात. बोटांनीच करावयाच्या या कामात पंजा झाकता येत नाही. घट्ट विणीच्या कोरड्या कापडाचा त्यांचा हा बंदोबस्त शास्त्रशुद्ध आहे; त्याला जोड हवी ती उघड्या राहिलेल्या भागांपुरत्या सनस्क्रीनची, म्हणजे डोळ्यांखालचा गाल, मानेची मागची बाजू, हाताचा पंजा आणि पायाचा वरचा भाग. एवढ्यासाठी मोठ्या बाटलीतले स्वस्त लोशन पुरते. ज्या मालकांच्या शेतांत हे काम चालते, त्यांनी ते हंगामापुरते पुरवावे, असे मला मनापासून वाटते.

वांग घालवण्याच्या आशेने मात्र दुकानातून मिळेल ते गोरेपणाचे क्रीम कोणी चेहऱ्याला लावू नये. अशा काही मिश्रणांत तीव्र स्टेरॉइड असते. प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते आणि ऊन आणखीच बाधू लागते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यावर निर्बंध घातले, ते याच उपद्रवामुळे. वांग असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आणि सनस्क्रीनची नळी घेताना परवाना क्रमांक व मुदतीची तारीख पाहून घ्यावी, आणि ती दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उन्हाळ्यात तेथील उष्णतेने आतले द्रव्य फाटते, पाणी व तेल वेगळे होते, आणि मग मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी लागते.